‘फाउंडेशन’ला घालण्याआधी मुलाची वही पाहा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवे शैक्षणिक वर्ष जवळ आले की आमच्या सांगलीत चौकाचौकांत ‘इयत्ता सहावीपासून फाउंडेशन’ (म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी-वैद्यकीय प्रवेश परीक्षांची आधीपासून तयारी), ‘ऑलिम्पियाड बॅच’, ‘शिष्यवृत्ती विशेष वर्ग’ असे फलक लागतात आणि माझ्यासारख्या निवृत्त गणित शिक्षिकेकडे ओळखीचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात. “बाई, पोरगं हुशार आहे. शाळा सुटल्यावरच्या या वर्गाला घालावं का?” या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असे उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. मात्र हा निर्णय आज ज्या आधारावर घेतला जातो, म्हणजे शेजारच्या मुलाने प्रवेश घेतला, एका चाचणीत चांगले गुण पडले, सवलतीची मुदत रविवारी संपते, तो आधार अगदीच कच्चा आहे. त्या वर्गात गेल्यावर मूल रोज संध्याकाळी प्रत्यक्षात काय करणार आहे, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही पालकाने पैसे भरू नयेत, एवढ्या एका मुद्द्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी त्या चाचणीविषयी. बहुतेक मोठे क्लास प्रवेशापूर्वी एक मोफत परीक्षा घेतात आणि तिच्या निकालावर ‘शिष्यवृत्ती’ जाहीर करतात. ही शिष्यवृत्ती म्हणजे क्लासने स्वतःच ठरवलेल्या शुल्कात स्वतःच दिलेली सूट असते. मुलाच्या हाती प्रमाणपत्र पडते, घरी पेढे येतात आणि त्या आनंदात आई-वडील पहिला हप्ता भरून मोकळे होतात. माझ्या माहितीतील एका शाळेत तर ही चाचणी शाळेच्या वेळेत, वर्गशिक्षकांच्या देखरेखीखाली घेतली गेली आणि दुसऱ्याच दिवशी पालकांना क्लासमधून फोन येऊ लागले. पालकांचे क्रमांक क्लासपर्यंत कसे पोहोचले, याचे उत्तर शाळेने शेवटपर्यंत दिले नाही. अशा चाचणीतून मुलाच्या बुद्धीविषयी काही कळत असेलच, तर ते फार थोडे.

दुसरी अडचण अशी की ‘जादा अभ्यास’ या एकाच नावाखाली एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक गोष्टी एकत्र झाल्या आहेत. राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे उदाहरण घ्या. तिच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत दीड तासात ७५ प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात. प्रश्न वाचताच त्याचा प्रकार ओळखणे, पर्याय झटपट बाद करणे आणि अडलेला प्रश्न सोडून पुढे सरकणे ही सवय येथे उपयोगी पडते. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड आहे, जे १९९६ मध्ये आपल्या मुंबईत भरले होते. तेथे दोन दिवसांत प्रत्येकी साडेचार तासांच्या दोन बैठका होतात आणि मिळून फक्त सहा प्रश्न असतात. जो प्रश्न सुटत नाही तो न सोडता, त्याच्याभोवती तासभर फिरत राहण्याची चिकाटी तेथे लागते. एका परीक्षेत जी सवय गुण मिळवून देते तीच दुसरीत आड येते, आणि तरीही दोन्हींची तयारी एकाच बाकावर, एकाच शिक्षकाकडून, एकाच ‘टॅलेंट बॅच’मध्ये करून देण्याचे आश्वासन दिले जाते, तेव्हा पालकांनी थोडे थांबून विचारायला हवे की नेमके शिकवणार काय?

याच संदर्भात एक गोष्ट फारशा पालकांना ठाऊक नसते. ऑलिम्पियाडचे प्रश्न जगातील अवघड शालेय प्रश्नांत गणले जातात, पण ते सोडवण्यासाठी अकरावी-बारावीत येणारे कलनशास्त्र (कॅल्क्युलस) लागत नाही. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि मोजणीच्या युक्त्या, म्हणजे ज्यांची मुळे शाळेच्याच पुस्तकांत आहेत अशा गोष्टींवर ती सगळी इमारत उभी आहे. हुशार मुलाला आव्हान द्यायचे म्हणजे त्याला पुढच्या इयत्तेचे पुस्तक आधीच शिकवायचे, ही समजूत या एका बाबीनेच मोडीत निघते.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते. तिच्यात लेखी परीक्षेच्या पुढे प्रात्यक्षिक, कृती संशोधन प्रकल्प आणि मुलाखत असे टप्पे असल्यामुळे तिचे स्वरूप पुन्हा वेगळे आहे, आणि मूल स्वतःच्या हाताने प्रकल्प करणार असेल तर तो अनुभव खरोखर मोलाचा आहे. प्रकल्प क्लासने ‘तयार’ करून द्यायचा आणि मुलाने मुलाखतीपुरता पाठ करायचा, असेही मी पाहिले आहे. तसे होणार असेल तर त्या पैशात मुलाला एखादे चांगले भिंग आणि चार पुस्तके घेऊन द्यावीत. आठवीतील एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा मात्र या सगळ्यांपेक्षा निराळ्या कारणासाठी महत्त्वाची आहे. वार्षिक साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील, सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांत शिकणाऱ्या मुलांसाठी ती असते आणि निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. तिची तयारी शाळेने शाळेतच, जादा तास घेऊन, विनामूल्य करून द्यावी. ज्या घरासाठी ती योजना आहे त्या घराला क्लासचे शुल्क भरायला लावणे मला अन्यायाचे वाटते.

उरतो तो फाउंडेशनचा प्रश्न, आणि सध्या सर्वांत जास्त पैसा व सर्वांत जास्त संध्याकाळी तेथेच खर्च होत आहेत. जेईई (अभियांत्रिकी) आणि नीट (वैद्यकीय) या प्रवेश परीक्षांचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे. त्यांचा ‘पाया’ म्हणून सहावी-सातवीच्या मुलांना जे शिकवले जाते ते बरेचदा नववी-दहावीचे, क्वचित अकरावीचे असते. सातवीतील एक चुणचुणीत मुलगा असाच एका वर्गाला जात होता. त्याच्या वडिलांनी मोठ्या कौतुकाने त्याची वही मला दाखवली. वही सुरेख होती, गतीची तिन्ही समीकरणे लाल चौकटीत लिहिलेली होती आणि त्यांवर सोडवलेली वीसेक उदाहरणे बरोबर होती. मी त्याला विचारले, की थांबलेली गाडी निघाली आणि तिचा वेग दर सेकंदाला दोन मीटर प्रति सेकंद इतका वाढत गेला, तर पाच सेकंदांनंतर तिचा वेग किती? त्याने क्षणात सूत्र मांडून दहा असे उत्तर दिले. मग विचारले, तिसऱ्या सेकंदाच्या शेवटी असलेला वेग आणि चौथ्या सेकंदाच्या शेवटी असलेला वेग यांत फरक किती? मुलगा गप्प झाला. वही चाळू लागला आणि शेवटी म्हणाला, “याला कुठलं सूत्र लावायचं?” उत्तर प्रश्नातच होते. दर सेकंदाला वेग दोनने वाढतो याचा अर्थ त्याने कधी डोळ्यांसमोर आणलाच नव्हता, कारण सूत्र हाती आल्यावर तशी गरजच पडली नव्हती. या मुलाचा यात काहीही दोष नाही. त्याच्यासारख्या तल्लख मुलाला सातवीच्या विज्ञानातील ‘गती, बल व कार्य’ याच धड्यावर आठवडाभर रेंगाळू दिले असते, आलेख काढू दिला असता, सायकल चालवून मोजमाप करू दिले असते, तर नववीत ती समीकरणे त्याने स्वतःहून मांडली असती.

आता याच वयाच्या एका मुलीविषयी सांगते. तिला मी एक साधा प्रश्न दिला होता: कोणत्या संख्या सलग नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येतात? तिने पंधरापासून सुरुवात केली. सात अधिक आठ. चार, पाच, सहा. एक ते पाच. एकाच संख्येची तीन रूपे सापडल्यावर तिला चेव चढला. नऊ दोन प्रकारे जमले, दहा एक ते चारने जमले, आठ मात्र काही केल्या जमेना. तिने न जमणाऱ्या संख्या समासात वेगळ्या लिहिल्या, एक, दोन, चार, आठ, आणि माझ्याकडे न पाहताच पुढे ‘१६?’ असे लिहिले. ते प्रश्नचिन्ह मला फार महत्त्वाचे वाटते. सोळा जमत नाही हे पाहिल्यावर बत्तीसही जमणार नाही असे ती ठामपणे म्हणाली, पण का जमणार नाही हे तिला सांगता येत नव्हते, आणि त्या ‘का’ने तिला पुढचे कित्येक दिवस सोडले नाही. घरी जेवताना, शाळेत मधल्या सुट्टीत ती त्यावर डोके चालवत होती, असे तिची आई सांगत असे. शेवटी तिला आढळले की सलग संख्या किती घेतल्या ती गणती विषम असेल तर बेरीज म्हणजे मधली संख्या गुणिले ती गणती, आणि गणती सम असेल तर पहिली व शेवटची यांची बेरीज नेहमी विषम येते आणि तशाच जोड्या पुढे जुळतात. म्हणजे दोन्ही वेळा बेरजेला एकाहून मोठा विषम विभाजक मिळतोच, आणि नेमका तोच दोन, चार, आठ, सोळा यांच्याकडे नसतो. यासाठी तिला सहावीच्या पलीकडचे काहीही माहीत असण्याची गरज पडली नाही. प्रगत अभ्यास म्हणतात तो हा, आणि ज्या वर्गात मुलांना असे प्रश्न आणि असा वेळ मिळतो त्या वर्गाला मूल पाठवण्याचा सल्ला मी डोळे झाकून देईन.

असे वर्ग आपल्याकडे नाहीत असे नाही. बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून केला, प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानने गणिताची गोडी असलेल्या शाळकरी मुलांना घडवले, आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे ऑलिम्पियाडच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची धुरा आहे. अडचण आहे ती पुण्या-मुंबईबाहेरच्या मुलांची. तासगाव, जत किंवा आटपाडीच्या मुलाने काय करायचे? त्याच्या शाळेत एका वर्गात साठ-साठ मुले असतात, शिक्षक मागे पडणाऱ्यांना सावरण्यात गुंतलेले असतात, जे योग्यच आहे, आणि ज्याचे उदाहरण दोन मिनिटांत सुटले तो उरलेला तास खिडकीबाहेर पाहत बसतो. या मुलाचा कंटाळा खरा आहे. त्याला काहीतरी जास्तीचे हवे आहे हे नाकारून “मुलांना खेळू द्या, क्लास नको” एवढे म्हणून भागत नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण त्याची भूक ज्या ताटाने भागेल ते ताट बहुधा फाउंडेशनचे नसते.

मग कोणत्या मुलाला पाठवावे? माझ्या अनुभवात शाळेतील गुणांवरून हे ठरत नाही. सुटलेल्या उदाहरणाला दुसरी रीत आहे का म्हणून जे मूल पुन्हा त्याच्याकडे वळते, उत्तर चुकले तर खोडरबर घेण्याआधी चूक कुठे झाली ते शोधते, पुस्तकातील विधानावर “नेहमीच का?” असे विचारते, त्याला समानधर्मी मुलांची संगत मिळाली तर ते फुलते. पंच्याण्णव टक्के मिळवणारे, नेटके, आज्ञाधारक मूल असे असेलच असे नाही. आणि साठ-पासष्ट टक्क्यांवर असलेले, वह्या अपुऱ्या ठेवणारे एखादे मूल नेमके तसे निघते. पालकांनी हे घरीच पाहावे. यासाठी कोणाच्या चाचणीची गरज नाही.

वेळेचा हिशेबही मांडावा. अकरा ते पाचची शाळा, सहा ते साडेआठ क्लास, नंतर घरचा अभ्यास, असे आठवड्यातून सहा दिवस चालले तर बारा वर्षांच्या मुलाला मैदान, अवांतर वाचन आणि पुरेशी झोप यांतील काय मिळणार? बाहेरगावच्या मुलांचा तर एसटीच्या वेळापत्रकावर जीव टांगलेला असतो, आणि शेवटची गाडी चुकेल या भीतीने अनेक मुलींचे नाव अशा वर्गात घातलेच जात नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड-दीड तास, एवढे पुरते. ज्या वर्गाला याहून खूप जास्त वेळ लागतो तो बहुधा अभ्यासक्रम उरकण्यामागे लागलेला असतो.

पैशाच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये खासगी कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. सोळा वर्षांखालील मुलांना किंवा माध्यमिक शाळेची परीक्षा होण्यापूर्वी कोणाला प्रवेश देऊ नये, गुणांची वा निवडीची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत, शाळेच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत, आणि पूर्ण शुल्क भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच वर्ग सोडल्यास उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत करावेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. या सूचनांची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे, आणि सहावी-सातवीच्या प्रवेशांचे फलक आजही भर रस्त्यावर झळकत असताना ती किती झाली हे वेगळे सांगायला नको. तरीही पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी परताव्याची अट लेखी मागावी. वर्षभराचे पुढच्या तारखांचे धनादेश एकदम देऊ नयेत. एक महिना मूल पाठवून पाहावे आणि महिन्याच्या शेवटी त्याची वही घेऊन त्याच्याजवळ बसावे. वहीत नुसती फळ्यावरून उतरवलेली उत्तरे आहेत, की मुलाच्या स्वतःच्या खाडाखोडी, अर्धवट सोडलेले प्रयत्न आणि समासातले प्रश्नही आहेत, हे कोणत्याही पालकाला दिसते. त्यासाठी आई-वडिलांना गणित यावे लागत नाही.

मुलाला विचारणे हाही या निर्णयाचा भाग आहे, आणि तो बहुतेक घरांत राहून जातो. “जायचंय ना रे तुला?” असे प्रमाणपत्र हातात असताना विचारले तर मूल हो म्हणणारच. एक महिना झाल्यावर, पैशाचा विषय न काढता, पुन्हा विचारावे, आणि मूल नको म्हणाले तर कारण ऐकून घेऊन तेथेच थांबावे. एकदा लावलेला क्लास सोडणे म्हणजे हार, असे घरात मानले जात असेल तर मूल खरे सांगत नाही. ते क्लासला जात राहते, चाचण्या देत राहते आणि ज्या विषयाची त्याला मुळात गोडी होती त्याच विषयाचा हळूहळू तिटकारा करू लागते. अशी मुले मी दहावीच्या वर्गात पाहिली आहेत. त्यांना काही येत नव्हते असे नाही, पण गणिताचा नवा प्रश्न पाहून त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल उमटायचे थांबले होते, आणि एका शिक्षिकेला याहून मोठे दुःख नसते.

शेवटी एक विनंती शाळांना आणि संस्थाचालकांना. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळा, शाळासमूह आणि जिल्हा पातळीवर विषयवार मंडळे स्थापण्यास प्रोत्साहन देण्याविषयी म्हटले आहे, आणि गणित मंडळाचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. त्याला मोठा खर्च येत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर एक खोली, एक फळा, आवडीने येणारी पंधरा-वीस मुले आणि उत्तर सांगण्याची घाई न करणारा एक शिक्षक एवढे पुरेसे असते. ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत मिळतात. त्यांतील सोपे प्रश्न आठवी-नववीच्या मुलांना मराठीत सांगता येतात. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांतील अनेकजण मानधनाशिवाय यायला तयार होतील याची मला खात्री आहे. मुख्याध्यापकांनी या जूनमध्ये क्लासच्या माहितीपत्रकांना शाळेचे दार उघडण्याऐवजी तालुक्यातील अशा दोन-तीन शिक्षकांना बोलावून घ्यावे. सांगली शहरात व परिसरात जी शाळा असे मंडळ सुरू करील तिथे दर शनिवारी येण्याची माझी तयारी आहे, आणि आपल्या वृत्तपत्राने अशा शाळांची नावे व मंडळाच्या वेळा स्थानिक पानावर प्रसिद्ध केल्या तर बाहेरगावच्या पालकांनाही त्यांचा लाभ घेता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका, सांगली
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)